तीन गाळ्यांतली अळी

चिखलीत आमच्या रांगेवर धूळ इतकी बसते की मागच्या उन्हाळ्यात एका गाळ्याचा बोर्ड पुसायला घेतला, तर खालून आधीच्या दोन मालकांची नावं निघाली. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकचं तर विचारूच नका. आमच्या एका टेम्पोवाल्यानं मोशीत कोथिंबिरीच्या जुड्या भरल्या आणि चाकणला उतरवल्या, तोवर त्यांचे धने झाले होते. अशा मुलखात कुठली गोष्ट झपाट्यानं पसरेल यावर माझा विश्वास नव्हता. पण ती अळी पसरली. तिला ना रस्ता लागला, ना टेम्पो. ती लोकांच्या खिशातून गेली.

रांगेच्या फाटकाशी खुर्ची टाकून मी राखणीला बसतो. गाळे बरेच आहेत, पण अळीशी संबंध आला तो तिघांचा. पहिला गाळा दौलतरावांचा. ते मूळ चिखलीचेच. वावरावर गाळे उठले तेव्हा एक स्वतःला ठेवून त्यात त्यांनी लेथ टाकला. शेवटचा खंडूचा. हा बीडकडचा, बोलायला गोड, आणि त्याच्याकडे तारेनं पोलाद कापायचं मशीन. मधला गाळा आम्रपालीचा.

आम्रपाली ही जयसिंगची मुलगी. जयसिंग आणि मी देहूरोडच्या फॅक्टरीत एकाच बाकावर बसून डबा खाल्लेली माणसं. जयसिंगचा हात असा की तो कानस घेऊन फाइल मारायला लागला की पोलाद लाजून आपोआप मापात यायचं. पण मशीन कायम दुसऱ्याचं. त्याच्या वस्तीत कामगार घरोघरी होते, मशीनचा मालक एकही नव्हता. आम्रपालीनं डिप्लोमा केला, कंपन्यांत नोकऱ्या केल्या आणि एक दिवस स्वतःचं मशीन आणून उभं केलं. त्या दिवशी जयसिंग त्या मशीनला हात लावायला धजेना. लांबूनच बघत राहिला, नवी सून घरात आल्यावर सासरा बघतो तसा.

गाळा चालायचा तो निघोज्याच्या एका कंपनीच्या कामावर. दुसरं मोठं काम नव्हतं. ते गेलं तर गाळ्याला कुलूप, हे जयसिंगला माहीत होतं, आम्रपालीला माहीत होतं, आणि फाटकाशी बसून मलाही माहीत होतं.

कामाची रीत अशी. जॉब, म्हणजे घडवायचा पोलादाचा तुकडा, आधी दौलतरावांच्या लेथवर गोल व्हायचा, मग आम्रपालीच्या मशीनवर त्याला भोकं आणि खाचा पडायच्या, शेवटी खंडूच्या तारेखाली तो पुरा व्हायचा. ड्रॉइंग नेटवरून पाठवायचं नाही, ही कंपनीची अट. म्हणून जॉबच्या ट्रेमध्येच पेन ड्राइव्ह टाकायचा आणि ट्रे पुढच्या गाळ्यात सरकवायचा. प्रत्येक मशीनशेजारी एक जुनाट कॉम्प्युटर होता, त्याला तो लावला की प्रोग्राम मशीनला मिळायचा. शेजारणीकडून विरजण आणावं तसा हा व्यवहार. आणि विरजणात बिघाड असला की गल्लीभराचं दही बिघडतं.

सुरुवात खंडूकडे दिसली. त्यानं पेन ड्राइव्ह उघडला, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा बाण. दाबलं की फोल्डर उघडतही होता, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. पुढं एकदा नुसतेच बाण राहिले आणि आत काही दिसेना. तेव्हा खंडूनं पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून टाकला.

"रिकामाच होता की, ताई," तो म्हणाला.

"रिकामा नव्हता, खंडूभाऊ," आम्रपाली कपाळाला हात लावून म्हणाली. "किडा खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा खोटा बाण पुढं ठेवतो. तुम्ही बाण दाबला की तुमचा फोल्डर तर उघडतोच, पण आधी किडा कॉम्प्युटरमध्ये शिरतो. मग त्या कॉम्प्युटरला जो पेन ड्राइव्ह लागेल, त्यात तो जातो. तुमचं सगळं आतच होतं. फक्त झाकलेलं. तुम्ही जिवंत माणसावर माती टाकलीत."

"अगं आई गं," खंडू म्हणाला. "माझ्या पोरीच्या बारशाचे फोटो होते त्यात."

त्या अळीच्या बातम्या मग रोजच कानावर यायला लागल्या. ती म्हणे सकाळी निघोज्यात नाश्ता करते, दुपारी भोसरीत जेवते आणि संध्याकाळी देहूरोडच्या झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका खाते. एका पत्रिकेत नवऱ्याच्या नावाच्या जागी नुसता बाण छापून आला. मुलगी अजून त्या बाणाशी सुखानं नांदते आहे, भांडण नाही की काही नाही.

हसण्यावारी न्यायचे दिवस तिथंच संपले. आम्रपालीनं जॉबबरोबर दिलेल्या पेन ड्राइव्हमधून अळी कंपनीच्या मोजमापाच्या खोलीत शिरली. तिथले सगळे फोल्डर बाण होऊन बसले, आणि त्यांची एक अख्खी लाइन माप मिळेना म्हणून उभी राहिली. कंपनीच्या विजयश्री मॅडमनी आम्रपालीला बोलावून घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः येणार, आणि कंपनीचं ड्रॉइंग ज्या ज्या कॉम्प्युटरवर जातं तो तो तपासणार. तिन्ही गाळे. एकातही किडा सापडला तर काम कायमचं बंद.

आम्रपालीनं आपला कॉम्प्युटर त्याच दिवशी साफ केला. दुसऱ्या दिवशी दौलतरावांचा ट्रे आला आणि अळी परत. पुन्हा साफ केला, तर खंडूकडून परत. शेवटी तिनं दोघांना माझ्या खुर्चीपाशी आणून उभं केलं.

"एकट्यानं औषध घेऊन उपयोग नाही, काका. तिघांनी एकाच दिवशी घ्यायचं. तिन्ही कॉम्प्युटर आणि सगळे पेन ड्राइव्ह एकदम. एक जरी राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून."

"आगं पोरी, माझं मशीन चालतंय ना?" दौलतराव म्हणाले. "मग त्याच्या पोटात काय का असंना. माझ्या बी पोटात जंत हायेत, मी चालतोयच की."

"तुमच्या जंतांनी कुणाची लाइन बंद पडली नाही."

"पडली व्हती," खंडू म्हणाला. "सकाळी नळावरची."

दौलतराव त्याच्यावर गुरगुरले. पण मशीन दिवसभर बंद ठेवायचं म्हटल्यावर दोघंही कां कूं करायला लागले. एकाची डिलिव्हरी, दुसऱ्याची शिफ्ट. वर्षात एकच दिवस असा असतो की आमच्या रांगेत सगळी मशीनं गप्प असतात. खंडेनवमी. त्या दिवशी मशीनं धुतात, पुसतात, तेल घालतात, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा चढवतात, आणि दसऱ्याला मुहूर्त केल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. आम्रपालीच्या घरी ही पूजा नसते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यापुढं मेणबत्ती, तेवढंच. पण दिवस तिनंच सुचवला.

"तुम्ही मशीनं धुवाल, मी कॉम्प्युटर धुते."

"ह्ये बेस झालं," दौलतराव म्हणाले. "नवमीला आतबाहेर सगळंच निर्मळ."

खंडेनवमीला ती सकाळीच आली. जिच्यावर ही अळी चालतच नाही अशा वेगळ्या पद्धतीचा लॅपटॉप तिच्याकडे होता. प्रत्येक गाळ्यात आधी ती चालू अळी बंद पाडायची. मग कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांमधून अळीचं नाव काढायची, मग लपलेली मूळ फाइल शोधून पुसायची. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर तो आपणहून उघडण्याची सोय तिनं बंद केली. मग एकेक पेन ड्राइव्ह न उघडता तपासायचा, बाण पुसायचे, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, आणि झाकलेले फोल्डर बाहेर यायचे. पाहुणे गेल्यावर पोरं पलंगाखालून निघतात ना, तसे. खंडूच्या दुसऱ्या एका पेन ड्राइव्हमधून बारशाचे चार फोटो निघाले. तो एवढा हरखला की रांगेतल्या प्रत्येकाला त्यानं ते दाखवले, मला दोनदा.

दौलतरावांच्या गाळ्यात ती शेवटी गेली. त्यांनी खण उपसून, खिसे झाडून, सगळे पेन ड्राइव्ह टेबलावर ओतले. कोपऱ्यात पाटावर पूजा मांडलेली होती. मापाची हत्यारं, नटबोल्टचे पाने, घरातला जुना कोयता, आणि त्यावर झेंडूची रास.

"काका, तिथं काही राहिलं नाही ना?" तिनं लांबूनच विचारलं.

"न्हाई न्हाई. तिथं द्येव हायेत."

ती दोन पावलं पुढं झाली होती. थांबली. दुसऱ्याच्या पूजेत तिनं हात घालायचा की नाही, हे या गावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. दौलतराव तिला कधी उणा शब्द बोलले नव्हते. तिच्या गाळ्यातला चहा ते रोज पीत. पण पाट वेगळा. ती मागं वळली, टेबलावरचे पेन ड्राइव्ह साफ केले, आणि संध्याकाळी तिन्ही गाळे निर्मळ झाल्याचं सांगून गेली. खूप दिवसांनी तिची चाल हलकी दिसली.

दुसऱ्या दिवशी दसरा. तोच धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. आम्रपाली आणि जयसिंग पांढरे कपडे घालून सकाळीच देहूरोडच्या विहारात गेले. जाताना जयसिंग फाटकाशी थांबला. "जय भीम आबा. उद्या त्या मॅडम येऊन गेल्या की मी मशीन चालवून बघणार आहे," म्हणाला. "पोरीनं शिकवायचं कबूल केलंय."

इकडे मुहूर्त सुरू झाला. आमच्या रांगेत मुहूर्ताला पितळेचा एक तुकडा करतात. तिन्ही मशीनांवरून फिरून तो तयार होतो आणि वर्षभर दौलतरावांच्या देवापुढं राहतो. त्याचा प्रोग्राम ठरलेला. आणि तो प्रोग्राम ज्या पेन ड्राइव्हमध्ये होता, तो दौलतरावांनी झेंडूच्या राशीखालून काढला.

आम्रपालीनं पेन ड्राइव्ह विचारले होते तेव्हा हा त्यांच्या मनातही आला नव्हता. पेन ड्राइव्ह म्हणजे खणात पडलेले, तेलकट, दातानं टोपण उघडायचे ते. हा देवाचा. वर्षभर देव्हाऱ्यात, नवमीला पाटावर, दसऱ्याला मशीनला. त्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं. दौलतरावांनी तो कपाळाला लावला, मग कॉम्प्युटरला लावला. गेल्या दसऱ्यालाच त्यात शिरलेल्या अळीनं वर्षभराची झोप मोडून आळस दिला असेल. बाण दिसला, दौलतरावांनी दाबला, फोल्डर उघडला, तुकडा फिरायला लागला. पेढे वाटले. माझ्याही वाट्याला दोन आले.

मग ते आम्रपालीच्या गाळ्याकडे बघून हळहळले. "पोरीच्या मशीनचा मुहूर्त राहिला. ह्ये बरं न्हाई. सालभर अपशकून."

शेजार म्हणून तिच्या गाळ्याची एक चावी त्यांच्याकडे असे. त्यांनी शटर उचललं, तिच्या मशीनला स्वतःच्या हातानं माळ घातली, खंडूला बोलावलं आणि मुहूर्त केला. मग खंडूनं प्रोग्राम तिथंच आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि आपल्या गाळ्यात तारेखाली तुकडा पुरा केला. खंडूनं कुलूप घातलं आणि बीडची गाडी धरली. त्याचा जीव गावच्या दसऱ्यासाठी तुटत होता.

आम्रपाली दुपारी परत आली. पांढऱ्या साडीतच. आपल्या मशीनवर झेंडूची माळ बघून ती हसली. मग तिची नजर कॉम्प्युटरकडे गेली. पेन ड्राइव्ह अजून तिथंच अडकलेला, आणि त्यावर वाळलेलं कुंकू.

मी फाटकातून बघत होतो. ती स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढं बसली.

"पोरी, तुझ्या मशीनचा मुहूर्त राह्यला न्हाई बघ," दौलतराव हसत आत आले. "मीच केला."

"काका, हा कुठं होता?"

"कुठं म्हंजे? पाटावर. देवापुढं."

"हा साफ केला नव्हता."

"आगं, देवापुढची वस्तू ती. तिच्यात कसला आलाय किडा? रोज उदबत्ती असते तिला. तुमच्यात न्हाई तसलं, म्हनून तुला..."

वाक्य त्यांनी अर्ध्यात सोडलं, पण अर्धं पुरेसं होतं. आम्रपालीनं लॅपटॉप उघडला, तो पेन ड्राइव्ह लावला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. ओळीनं बाण. दौलतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाण तेवढेच राहिले.

"आई शप्पत," ते म्हणाले. आणि मग, "खंड्याच्यात बी गेला आसंल?"

"त्यांच्यातही गेला."

दोन कॉम्प्युटर तिनं संध्याकाळपर्यंत पुन्हा साफ केले. तो पेन ड्राइव्ह दौलतरावांनी स्वतःच दगडावर ठेवून ठेचला. राहिलं खंडूचं कुलूप. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. त्याच्या घाटातल्या गावात फोन लागायचा म्हणजे सोयाबीनला टॉवर लागायला हवेत.

दौलतराव ग्राइंडर घेऊन आले. "कापतो कुलूप. माझी जिम्मेदारी."

"नको," आम्रपाली म्हणाली.

"का नको? खंड्या काय म्हनंल?"

"खंडूभाऊ काही म्हणणार नाहीत. पण उद्या तिथलं एखादं हत्यार जरी जागेवर नसलं, तर कुलूप तुम्ही कापलं हे कुणी धरणार नाही. आत आम्रपाली गेली होती, एवढंच राहील."

"मी हाय ना सांगायला."

"काका, आज दुपारीही तुम्हीच होतात ना, 'तुमच्यात न्हाई तसलं' म्हणायला."

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. जयसिंग कोपऱ्यात उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, हात मागं बांधून. कंपनीत साहेब आल्यावर उभा राहायचा तसा. मी त्याला म्हटलं, "बस की." तो बसला नाही.

सकाळी विजयश्री मॅडम वेळेवर आल्या. चाकणच्या ट्रॅफिकनं नेमकी त्यांचीच गाडी सोडली. दौलतरावांचा कॉम्प्युटर निर्मळ निघाला, आम्रपालीचा निर्मळ निघाला. तिसऱ्या गाळ्याचं शटर बंद. आम्रपालीनं सगळं जसं झालं तसं सांगितलं. मुहूर्त, पाट, पेन ड्राइव्ह, कुलूप. काही झाकलं नाही.

"मला एक तास द्या, मॅडम. ते आले की तुमच्या डोळ्यांसमोर साफ करते. कसं करायचं ते मला येतं."

"येतं हे दिसतंय," मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हती. "पण तुम्ही आज साफ कराल आणि पुढच्या दसऱ्याला कुणी दुसऱ्या देवापुढचा काढेल. माझी लाइन उभी राहिली की मला उत्तर द्यावं लागतं. मी थांबते. ते येऊ देत. आहे तसं बघते."

खंडू दुपारी आला. एका हातात चिवड्याची पिशवी, दुसऱ्या हातात आपट्याची पानं, तोंडभर हसू. "घ्या ताई सोनं! आबा, तुम्हीबी घ्या. मॅडम, तुमी पण घ्या की!" त्याला कुणी काही सांगायच्या आत त्यानं कुलूप काढलं, शटर वर लोटलं आणि कॉम्प्युटर चालू करून दिला. मॅडमच्या तपासणीच्या पडद्यावर लाल पट्टी यायला फार वेळ लागला नाही.

"काय झालं?" खंडू विचारत राहिला. "काय झालं, ताई? बोलना झालात."

मॅडमनी पर्स उचलली, आम्रपालीच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असं त्यांचं झालं, आणि न ठेवताच त्या गेल्या. आपट्याची पानं खंडूच्या हातात तशीच राहिली.

काम बंद झालं. आम्रपालीनं दुसरीकडं खूप दारं वाजवली. पण आमच्याकडं कुठल्या गाळ्यात किडा आहे ही बातमी पोचायला पेन ड्राइव्हसुद्धा लागत नाही. हिवाळ्यात एक ट्रेलर आला. मशीन उचलायला क्रेनवाल्यानं पट्टे बांधले, तेव्हा जयसिंग पुढं झाला. त्यानं ते मशीन कधी चालवलं नव्हतं. शिकायचं राहूनच गेलं होतं. त्यानं एक पट्टा नीट सरकवला, पत्र्याला ओरखडा पडू नये म्हणून, आणि क्रेनवाल्याला म्हणाला, "हळू घे, भाऊ. नवं आहे."

आम्रपाली आता चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जाते. सकाळी बससाठी फाटकावरून जाते, मला "येते आबा" म्हणते. दौलतराव त्या वेळेला गाळ्याबाहेर येत नाहीत.

आमच्या रांगेत आता अळी नाही. औषधाचीही गरज नाही. कुणी कुणाला पेन ड्राइव्ह देत नाही, ट्रे सरकवत नाही, प्रोग्राम मागत नाही. दौलतराव जॉब गोल करतात आणि टेम्पोत भरतात. खंडू स्वतःचं काम दुसरीकडून आणतो. दोघं एकमेकांशी बोलतात, पण कामाचं नाही.

परवा दौलतराव माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. उन्हाची तिरीप होती. रस्त्याकडे बघत होते.

"आबा," ते म्हणाले, "तू व्हतास त्या दिवशी. नवमीला. ती पाटापाशी आली व्हती ना?"

"आली होती."

"तिनं जर हात घातला असता झेंडूत. इचारल्याबिगर. तर मी काय केलं असतं रं?"

समोरून एक टेम्पो गेला, मागं धूळ उठली, आम्ही दोघांनीही तोंडावर हात धरला.

"मला म्हाईत हाय," धूळ बसल्यावर दौलतराव म्हणाले, आणि गाळ्यात गेले. लेथ सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून मी बसून राहिलो. आला नाही.